फवारणीच्या फाइली आणि घरचा कॉम्प्युटर : अँटिव्हायरस निवडतानाच्या नोंदी

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार

थोरला शाळेच्या प्रकल्पाची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आला. घरी येऊन पेन ड्राइव्ह लावला, तर आतल्या प्रत्येक फोल्डरवर तो लहानसा वाकडा बाण. ‘फवारणी २०२४-२५’चा आकार बघितला, दोन केबी. वर्षभराची वही दोन केबीत कशी मावेल?

अण्णा माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. “गेलं का गं सगळं?” एवढंच विचारलं. मला उत्तर देता येईना.

आमची तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग. दोन प्लॉट ‘ग्रेपनेट’ या द्राक्ष-निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत नोंदवलेले आहेत. युरोपात माल जायचा तर कोणत्या तारखेला कोणतं औषध मारलं, किती मात्रेत मारलं, काढणीला तेव्हा किती दिवस होते, हे सगळं लिहून ठेवावं लागतं. अण्णांच्या हातच्या वह्या मी तीन उन्हाळे बसून एक्सेलमध्ये चढवल्या. कोणत्या साली कोणत्या आठवड्यात डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आली, कशानं आटोक्यात आली, हे त्यात आहे. ते बाजारात विकत मिळत नाही.

फाइली गेल्या नव्हत्या. पेन ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये जागा पूर्वीइतकीच भरलेली दिसत होती, म्हणजे माल आतच होता, फक्त झाकलेला. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ॲट्रिब’ची आज्ञा देऊन ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ ही दोन्ही लेबलं काढली. सगळे फोल्डर जागच्या जागी दिसले. अण्णा मग चहा प्यायले.

हा शॉर्टकट व्हायरस असाच चालतो. खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट मांडतो. आपण त्यावर दोनदा टिचकी मारली की फोल्डरही उघडतो आणि मागं व्हायरसही चालू होतो, त्यामुळं कुणाला शंका येत नाही. थोरल्यानं टिचकी मारली होती. म्हणजे आता पेन ड्राइव्हपेक्षा कॉम्प्युटरची काळजी.

३० सप्टेंबर, मंगळवार

कॉम्प्युटरची पूर्ण तपासणी. २०१६ चा डेस्कटॉप, सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, विंडोज १०. आत दोन अँटिव्हायरस सापडले. एक पैसे भरून घेतलेला, ज्याची मुदत संपून सात महिने झाले. दुसरा फुकटातला, कुठल्यातरी सॉफ्टवेअरच्या मागून आलेला, कुणी टाकला ते घरात कुणालाच आठवत नाही. दोघंही सुरुवातीलाच चालू होतात आणि दोघंही प्रत्येक फाइल तपासायला धावतात. बटण दाबल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत घड्याळ लावलं : चार मिनिटं दहा सेकंद.

आणि विंडोजबरोबरच येणारा, तिचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद. हे मला आज नीट कळलं. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर आपोआप मागं सरतो. तो दुसरा जागा आहे की पेंगतोय, हे मग आपणच बघायचं.

दोन औषधं न विचारता एका टाकीत कालवली तर पानं जळतात, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. कॉम्प्युटरवर मात्र आम्ही तेच करून बसलो होतो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

ट्रॅक्टर, ब्लोअर, छाटणीच्या कात्र्या आणि कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा झाली. त्यामुळं आज काम काही नाही. एकच गोष्ट केली : नेटची वायर काढून ठेवली.

४ ऑक्टोबर, शनिवार

दोन्ही अँटिव्हायरस काढले. मुदत संपलेला साध्या अनइन्स्टॉलनं पूर्ण निघेना, पाळंमुळं मागं राहिली. त्या कंपनीच्या संकेतस्थळावर खास काढणीसाठीचं छोटं साधन असतं, ते फोनवर उतरवून घेतलं आणि केबलनं इकडं आणलं. बहुतेक कंपन्या असं साधन देतात. कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्यावर डिफेंडर आपोआप जागा झाला. नेट जोडलं, आधी व्हायरसच्या ओळखयाद्या अद्ययावत केल्या, मग ‘ऑफलाइन स्कॅन’ लावलं. यात विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळं आत दबा धरून बसलेल्याला लपायला कमी जागा मिळते. साधारण पंधरा मिनिटांचं काम म्हणतात, आमच्या डिस्कवर अर्धा तास लागला. त्यानंतर ‘फुल स्कॅन’ रात्रभर.

सकाळी तीन गोष्टी सापडल्या होत्या. दोन त्या शॉर्टकटच्या कुळातल्या. तिसरी थोरल्याच्या डाउनलोड फोल्डरात. तिच्याबद्दल त्याच्याशी निवांत बोलायचं आहे, आज रागाच्या भरात नको.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आता निवड. घरात दोन मतं आहेत. ह्यांचं म्हणणं, “पैसे देऊन घेतलेलं बरं, फुकटच्या राखणदाराचा काय भरवसा?” अण्णांचं म्हणणं, घ्यायचंच तर आपल्या माणसांचं घ्या. ते क्विक हीलबद्दल बोलत होते. कैलास काटकर आणि संजय काटकर हे भाऊ मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. कैलासरावांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, संजयरावांनी अँटिव्हायरस लिहिला. १९९५ मध्ये तो बाजारात आला आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. अण्णांना हा अभिमान वाटतो आणि मलाही वाटतो. आपल्याकडची आणखी नावं म्हणजे चेन्नईची के-सेव्हन आणि मुंबईची ई-स्कॅन.

पण अभिमानावर निवड करायची नाही असं ठरवलं. मी पाहिलं ते असं.

जर्मनीत माग्डेबुर्गला ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकला ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ अशा दोन संस्था वर्षानुवर्षं अँटिव्हायरस तपासतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातला त्रास या तीन बाबींना प्रत्येकी सहा असे १८ पैकी गुण देते. तिसऱ्या बाबीकडं लोक बघत नाहीत. चांगल्या फाइलला चोर म्हणणं किती वेळा घडतं, ते तिथं कळतं. गेली काही वर्षं डिफेंडरला तिथं पैकीच्या पैकी किंवा त्याच्या जवळपास गुण मिळत आले आहेत. म्हणजे विंडोजबरोबर येतो म्हणून तो कच्चा, ही समजूत जुनी झाली.

त्याची एक उणीव मात्र आमच्या गावाला लागू पडते. डिफेंडर बराचसा ‘क्लाउड’वर, म्हणजे नेटवरून जोडलेल्या कंपनीच्या कॉम्प्युटरांवर, विसंबतो. नेट नसताना त्याची ओळखण्याची ताकद घटते. आमच्याकडं पाइपलाइनसाठी चर खणली की फायबर तुटते आणि दोन-दोन दिवस नेट नसतं. नेमका त्याच काळात कुणी पेन ड्राइव्ह लावला तर? हा मुद्दा मी वहीत लाल पेनानं लिहून ठेवला.

फुकटच्या बाहेरच्या अँटिव्हायरसबद्दल माझं मत कडक झालं आहे. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीचं प्रकरण वाचलं. वापरणाऱ्यांनी कोणती संकेतस्थळं पाहिली याची माहिती तिच्याच ‘जम्पशॉट’ या कंपनीमार्फत विकली जात होती. जानेवारी २०२० मध्ये ते उघड झालं आणि जम्पशॉट बंद करावी लागली. पुढं २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणीला ठेवलेल्या माणसानंच घरात कोण येतं-जातं ते बाहेर सांगायचं, हे मला सहन होणारं नाही.

कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसवर अमेरिकेनं २०२४ मध्ये विक्रीबंदी घातली. ते कारण त्यांच्या देशाच्या सुरक्षेचं, आपल्याकडं तशी बंदी नाही. मी ते नाव बाजूला ठेवलं ते एवढ्यासाठीच की दोन सरकारांच्या भांडणात आमच्या फवारणीच्या नोंदी कशाला?

९ ऑक्टोबर, गुरुवार

पैसे भरून घ्यायच्या एका अँटिव्हायरसची महिनाभराची चाचणी आवृत्ती बसवून पाहिली. पेन ड्राइव्ह लावताक्षणी तपासणी सुरू होते, ही सोय फार आवडली. अडचणीला मराठीत बोलणारा माणूस फोनवर मिळतो. अण्णांसारख्यांना त्याची किंमत मोठी. पण चार जीबी रॅमवर एक्सेल उघडायला तीन मिनिटांच्या वर वेळ लागला. डिफेंडरवर दोन मिनिटं वीस सेकंद लागत होते. चाचणी आवृत्ती काढून टाकली.

संध्याकाळी आयकारची परीक्षा घेतली. ही अवघ्या ६८ अक्षरांची मजकूर-फाइल असते. ती निरुपद्रवी असते, पण सगळ्या अँटिव्हायरसनी तिला व्हायरस समजून पकडायचं असा संकेत आहे. कुंपणात वीज आहे का ते बघण्यासारखं. डिफेंडरनं ती उतरू दिली नाही. मग नेट तोडून, पेन ड्राइव्हवरून पुन्हा केली, तेव्हाही पकडली. यावरून एवढंच कळतं की पहारा जागा आहे. नवीन चोर ओळखेल की नाही, ते यातून कळत नाही, आणि हे मी ह्यांना दोनदा समजावलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

अण्णांनी हाक मारली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट : तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, संरक्षण संपलं, आता लगेच नूतनीकरण करा. मुदत संपलेल्या त्या जुन्या अँटिव्हायरसचा ससेमिरा अण्णांनी सात महिने पाहिला होता, त्यामुळं त्यांना हेही खरंच वाटलं. एटीएम कार्ड काढून शेजारी ठेवलं होतं.

तो व्हायरस नव्हता आणि अँटिव्हायरसही नव्हता. बाजारभाव बघायला अण्णा ज्या संकेतस्थळावर गेले, तिथं ‘परवानगी द्या’ असं बटण आलं होतं आणि त्यांनी ते दाबलं होतं. तेवढ्यावर ते संकेतस्थळ क्रोमच्या सूचनांमधून असल्या चौकटी पाठवत होतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या संकेतस्थळाची सूचना-परवानगी काढली आणि यापुढं कुणीच विचारू नये असंही करून ठेवलं. दोन मिनिटांचं काम.

मला अण्णांचं वाईट वाटलं. कर्ज वेळेवर फेडणारा माणूस, ‘मुदत संपली’ म्हटलं की आधी पैसेच भरायला बघणार. त्यांच्या या सरळपणावरच तो सापळा लावलेला आहे. कॉम्प्युटरशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात १९३० हा क्रमांक लावला. पैसे गेले तर त्याच घटकेला इथं फोन करायचा, आधी मला शोधत बसायचं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज विंडोज १० ची मुदत संपली, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून तिला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. अँटिव्हायरस कोणता, यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे, हे मला या पंधरवड्यात हळूहळू उमगत गेलं.

डिफेंडरला विंडोज १० वर व्हायरसच्या नव्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत. त्यामुळं वरवर सगळं हिरवं दिसेल. पण खुद्द विंडोजमध्ये नवीन भगदाड सापडलं तर ते बुजवणारा कुणी नाही. २०१७ मधला वॉनाक्राय आठवतो, फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस. मायक्रोसॉफ्टनं त्याचं भगदाड बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चला दिली होती. हल्ला झाला १२ मे रोजी. मधले दोन महिने ज्यांनी ती दुरुस्ती बसवली नाही, त्यांची कॉम्प्युटरं जगभर कुलूपबंद झाली, इंग्लंडातल्या दवाखान्यांचीसुद्धा. त्याला कुणी टिचकी मारायचीही गरज नव्हती, तो नेटवर्कमधून स्वतःच पसरत गेला.

विंडोज ११ आमच्या मशीनवर बसत नाही. त्याला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. नवीन मशीन या हंगामात घेणं जमणार नाही. यंदा पाऊस लांबला, छाटण्या मागं पडल्या, पेस्ट (छाटणीनंतर काडीला लावायची) आणि औषधांनाच पैसा पुरवून वापरायचा आहे.

मधला मार्ग आहे. मायक्रोसॉफ्ट घरगुती वापरासाठी सुरक्षा-दुरुस्त्या आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देते. विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंगचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला की पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. आम्ही बॅकअपचा मार्ग घेतला. आधी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती २२एच२ आहे ना ते पाहिलं, ती होती. नोंदणी झाली, संध्याकाळी पहिली दुरुस्ती उतरली.

म्हणजे एक वर्ष मिळालं. पुढच्या हंगामाच्या पैशातून मशीन बदलायचं, हे आजच वहीत लिहिलं, तिथं ह्यांनी सही केली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

निर्णय : आमच्या घरी डिफेंडरच. दुसरं काही बसवायचं नाही. अँटिव्हायरसला द्यायचे पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी.

ह्यांना पटायला वेळ लागला. मी विचारलं, “अहो, त्या दिवशी पेन ड्राइव्हवर नोंदी खरंच पुसल्या असत्या, तर कोणता अँटिव्हायरस परत देणार होता?” त्यावर ते काही बोलले नाहीत, दुपारी सांगलीला गेले आणि एक टीबीची डिस्क घेऊन आले.

चुलत सासऱ्यांच्या घरी मात्र मी पैसे भरून घ्यायचा अँटिव्हायरस सुचवला. तिथं दोघंच म्हातारी माणसं, मशीन नवं, आठ जीबी रॅम, मुलगा दुबईला. बघायला कुणी नाही. त्यांना फोनवर मराठीत सांगणारा माणूस हवा, आणि पेन ड्राइव्हची आपोआप तपासणीही. त्यांना क्विक हील बसवून दिला, अण्णा खूश झाले. दोन घरांना दोन उत्तरं, तरी दोन्ही माझ्या मते बरोबर.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची धांदल, तरी दोन तास काढले.

आतापर्यंत घरातले सगळे एकाच खात्यातून कॉम्प्युटर वापरत होते आणि ते खातं प्रशासकाचं होतं. म्हणजे थोरल्यानं चुकून काहीही चालवलं तरी त्याला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या. आता प्रशासकाचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड माझ्याकडं आणि ह्यांच्याकडं. बाकी सगळ्यांना, मलाही, साधं खातं. काही बसवायचं तर पासवर्ड विचारतो. तेवढा एक क्षण थांबून विचार करायला पुरतो.

फाइलींच्या नावांची शेपटं दिसतील असं सेटिंग केलं. ‘पावती.पीडीएफ’ म्हणून आलेली फाइल प्रत्यक्षात ‘पावती.पीडीएफ.ईएक्सई’, म्हणजे टिचकी मारताच चालू होणारा प्रोग्राम असेल, तर ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. धाकटीला हे फार आवडलं, ती आता प्रत्येक फाइलचं आडनाव वाचून दाखवते.

‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू केलं. अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंटसारख्या फोल्डरांत लिहू द्यायचं नाही, हे त्याचं काम. खंडणीचे व्हायरस फाइलींना कुलूप घालतात, त्यावर हा उपाय. मुळात हे बंद असतं, आपण चालू करावं लागतं. चालू करताच बागेतल्या कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अडलं, त्याला चित्रफीत साठवता येईना. त्याला परवानगीच्या यादीत घातलं. एक्सेलला काही अडचण आली नाही.

थोरल्याशी बोलले. डाउनलोडमधली ती तिसरी फाइल म्हणजे एका खेळाची फुकटची प्रत होती. सूचनांच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं : आधी अँटिव्हायरस बंद करा. त्यानं खरंच बंद केला होता, आणि ते त्यानं स्वतःहून सांगितलं. मी रागावले नाही. त्याला विचारलं, “आपल्या बागेत यायचंय म्हणून कुणी आधी कुत्रं बांधायला सांगितलं, तर तू बांधशील?” बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आई, आजोबांच्या नोंदी माझ्यामुळं जाणार होत्या का?” मी हो म्हणाले. खोटं कशाला सांगायचं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज काल झाली, आज झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदार दादा भले आहेत, तालुक्यातल्या निम्म्या उताऱ्यांच्या प्रिंट त्यांच्याकडं निघतात. दिवसभरात किती पेन ड्राइव्ह त्या एका मशीनला लागतात, याचा हिशेब नाही. त्यांना शॉर्टकटचं सांगितलं. म्हणाले, “ताई, रोज कुणीतरी येतं रडत, मी फॉरमॅट मारून देतो.” फॉरमॅट! ज्यांच्या फाइली फक्त लपलेल्या होत्या, त्यांच्याही पुसल्या गेल्या असणार. मला भरून आलं. कुणाचे लग्नाचे फोटो असतील, कुणाची कागदपत्रं.

तासभर बसून त्यांच्या मशीनवर ऑफलाइन स्कॅन लावलं आणि ‘ॲट्रिब’ची आज्ञा एका कार्डावर लिहून पडद्याला चिकटवली. ड्राइव्हचं अक्षर मात्र दर वेळी बघून घालायचं, हेही लिहिलं.

घरी नियम केला : प्रिंटसाठी लाल पेन ड्राइव्ह, त्यावर फक्त त्या दिवशीची पीडीएफ. परत आला की आधी तपासणी, मग रिकामा. बागेच्या नोंदी पेन ड्राइव्हवर ठेवायच्याच नाहीत.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटची परीक्षा. ‘फवारणी २०२३-२४’ ही फाइल मी मुद्दाम पुसली, रिसायकल बिनमधूनही. अण्णा शेजारी बसले होते, त्यांना आधी सांगितलं होतं तरी त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होता. बाहेरची डिस्क कपाटातून काढली, जोडली, रविवारची प्रत परत घेतली. उघडली. शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर. डिस्क लगेच काढून पुन्हा कपाटात. ती कायम जोडलेली ठेवली तर खंडणीचा व्हायरस तिलाही कुलूप घालील, म्हणून दर रविवारी अर्धा तासच जोडायची.

डिफेंडर हिरवा. चालू होऊन एक्सेल उघडेपर्यंत दोन मिनिटं दहा सेकंद.

मग अण्णा म्हणाले, “सरक जरा.” चष्मा लावला, एका बोटानं टाइप करत या हंगामाची पहिली ओळ त्यांनी स्वतः भरली : प्लॉट क्रमांक एक, छाटणी पूर्ण, पेस्ट लावली. तारखेच्या रकान्यात दोनदा चुकले, मी मध्ये बोलले नाही. सेव्ह केलं, आणि विचारलं, “रविवारी हेही कपाटात जाईल ना?”